ड्रुपल 7 वरून 10: अपग्रेडच्या नावाखाली आमच्या वाचनालयाची झालेली फसवणूक

ड्रुपल हे वेबसाइट उभारण्याचं आणि चालवण्याचं सॉफ्टवेअर आहे. ज्या संस्थांच्या साइट अजून त्याच्या 7 या जुन्या आवृत्तीवर आहेत, त्यांना ‘तुमची साइट बंद पडणार’ असे फोन अजूनही येताहेत. आमच्या वाचनालयाला असाच फोन आला होता आणि त्यात आमचे पैसे गेले, काही नोंदी गेल्या, डोमेनही (साइटचा इंटरनेटवरचा पत्ता) जाता जाता राहिलं. म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

मी एका जुन्या सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर आहे. आमच्या साइटवर पुस्तकांची सूची आहे, पण बाहेरगावचे अभ्यासक येतात ते हस्तलिखित पोथ्यांच्या सूचीसाठी. पोथीची लिपी, पानं, शक, कोणत्या घराण्याने दिली, असं सगळं तिथे नोंदवलेलं. एका कार्यकर्त्याने पदरमोड करून ही साइट ड्रुपल 7 वर उभी केली, आणि पोथ्या शोधण्यासाठी एक छोटं मॉड्यूल (ड्रुपलला जोडायचा जादा प्रोग्रॅम) स्वतः लिहिलं. पुढे नोकरीनिमित्त तो परदेशी गेला.

फोनवरचा माणूस मराठीच होता, बोलायला अदबशीर. म्हणाला, ‘काका, 5 जानेवारी 2025 नंतर ड्रुपल 7 बंद. साइट उघडणारच नाही.’ तारीख खरी होती. ड्रुपल 7 ची मुदत आधी नोव्हेंबर 2021 ला संपायची होती, ती वाढत वाढत 5 जानेवारी 2025 वर आली. पण त्या दिवशी कुठलीच साइट बंद पडत नाही. सुरक्षेच्या अधिकृत दुरुस्त्या येणं तेवढं थांबतं. हा धोकाही काही लहान नाही. ऑक्टोबर 2014 मध्ये ड्रुपल 7 मध्ये सापडलेली एक त्रुटी इतकी गंभीर होती की, सात तासांच्या आत दुरुस्ती न केलेली प्रत्येक साइट हॅक झाली आहे असंच धरून चाला, असं ड्रुपलच्या सुरक्षा पथकाने स्वतः सांगितलं होतं. तेव्हा बदल करायला हवा हे बरोबरच. पण तो नीट आखून करायला वेळ असतो, आणि तो वेळच या माणसाने आमच्यापासून हिरावून घेतला. आठ दिवसांत ॲडव्हान्स द्या, नाहीतर ‘स्लॉट’ जाईल, असा धोशा लावला.

त्याचं कोटेशन आजही फाइलला आहे. त्यात चार ओळी आहेत: 7 ते 8, 8 ते 9, 9 ते 10, प्रत्येक टप्प्याचे 45 हजार, आणि ‘ड्रुपल 10 लायसन्स’ 18 हजार.

यातली एकही ओळ खरी नाही. ड्रुपल जीपीएल या मुक्त परवान्याखाली मोफत मिळतं, त्याला लायसन्स फी नावाचा प्रकारच नाही. टप्प्यांचंही तसंच. ड्रुपल 8 चा पाठिंबा नोव्हेंबर 2021 मध्ये संपला, 9 चा नोव्हेंबर 2023 मध्ये. आम्हाला कोटेशन मिळालं तेव्हा दोन्ही आवृत्त्या मोडीत निघालेल्या होत्या. 7 वरचा मजकूर थेट 10 वर आणता येतो आणि त्यासाठीची मायग्रेट मॉड्यूल्स ड्रुपलच्या गाभ्यातच, म्हणजे मूळ सॉफ्टवेअरमध्येच आहेत. मधल्या मुक्कामांचे पैसे मागणारा माणूस एकतर अडाणी असतो, नाहीतर लबाड.

त्या कोटेशनमध्ये काय नव्हतं, ते मात्र जास्त महत्त्वाचं आहे. 2015 साली आलेल्या ड्रुपल 8 पासून आतली सगळी बांधणी बदलली. ड्रुपल ज्या पीएचपी या संगणकभाषेत लिहिलं आहे, तिच्यातल्या सिम्फनी या तयार चौकटीचे भाग गाभ्यात आले आणि थीमसाठी (साइटचं दर्शनी रूप) ट्विग ही साचे लिहिण्याची नवी पद्धत आली. त्यामुळे 7 ची थीम आणि 7 साठी हाताने लिहिलेलं मॉड्यूल पुढे चालत नाही, नव्याने लिहावं लागतं. हे जुन्या घराला रंग देणं नाही, नव्या घरात बिऱ्हाड हलवणं आहे. नवी साइट रिकामी उभी करायची आणि जुन्यातलं एकेक सामान मोजून तिथे न्यायचं. आमच्या पोथ्यांच्या नोंदी ‘फील्ड कलेक्शन’ नावाच्या मॉड्यूलमध्ये होत्या; नव्या ड्रुपलमध्ये त्या सहसा ‘पॅराग्राफ्स’मध्ये न्याव्या लागतात आणि कुठलं फील्ड (माहितीचा रकाना) कुठे जाणार याचा तक्ता आधी करावा लागतो. जुने पत्ते नव्या पानांकडे वळवावे लागतात, नाहीतर प्रबंधांच्या तळटीपांत दिलेले आमचे दुवे तुटतात. निदान एकदा तरी चाचणी म्हणून सगळं हलवून नोंदी मोजाव्या लागतात. प्रामाणिक माणसाच्या कोटेशनमध्ये पैसे या कामांपुढे लिहिलेले असतात. आमच्या कोटेशनमध्ये पोथ्या शोधण्याच्या मॉड्यूलचा उल्लेखसुद्धा नव्हता.

त्याच्या बोलण्यात खोट्याला खऱ्याची जोड असायची, हे आम्हाला फार महागात पडलं. ड्रुपल 10 ला किमान पीएचपी 8.1 लागतं, हे खरं. तेवढ्यावर बोट ठेवून त्याने सर्व्हर बदलायला लावला आणि ‘सोयीसाठी’ होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा) आणि डोमेन दोन्ही स्वतःच्या खात्यात घेतलं. 10 मध्ये मजकूर लिहिण्याचा एडिटर बदलून सीके एडिटर 5 आला, हेही खरं. त्या नावाखाली तिसऱ्या टप्प्यात वाढीव पैसे घेतले.

शेवटी साइट मिळाली. दिसायला नवीकोरी, तळाला ‘ड्रुपल 10’ असं लिहिलेलं. आम्हाला मात्र फक्त मजकूर भरण्यापुरतं लॉगिन दिलं. ॲडमिनचं मागितलं तर ‘सुरक्षेसाठी देत नाही’ म्हणाला. ॲडमिनला दिसणाऱ्या स्टेटस रिपोर्टच्या पानावर ड्रुपलची आवृत्ती स्पष्ट दिसते, ते पान आमच्यापासून लपवण्यासाठीच हे होतं.

संशय आला तो माझ्या भाचीला. ती पुण्यात वेब डेव्हलपर आहे. पोथ्यांचा शोध जसाच्या तसा चालतोय हे बघून म्हणाली, ‘मामा, हे मॉड्यूल नव्याने कुणी लिहिलं? बिलात तर कुठे दिसत नाही.’ मग तिने फोनवरूनच मला करायला सांगितलं ते कुणालाही जमेल. साइटच्या पत्त्यापुढे ‘/कोअर/मिस्क/ड्रुपल.जेएस’ इंग्रजी अक्षरांत टाइप केलं. ड्रुपल 8 किंवा पुढचं असतं तर कोडची फाइल उघडली असती. आमच्याकडे ‘पान सापडलं नाही’ आलं. मग त्यातलं ‘कोअर’ काढून नुसतं ‘/मिस्क/ड्रुपल.जेएस’ टाकलं, आणि फाइल चटकन उघडली. ही 7 ची खूण. पानाच्या सोर्समध्येही (पानामागचा कोड) ‘साइट्स/ऑल/मॉड्यूल्स’ असे 7 च्या धाटणीचे फाइलींचे रस्ते जागोजागी होते. (‘साइट्स/डिफॉल्ट/फाइल्स’ दोन्हींत असतं, तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नका.) म्हणजे आमची तीच जुनी साइट, वर नवी थीम चढवलेली. ज्या धोक्याची भीती घालून पैसे घेतले, तो धोका आहे तिथेच.

सर्वांत वाईट गोष्ट नंतर कळली. त्याने डेटाबेसची प्रत घेतली ती कामाच्या सुरुवातीला. त्यानंतरही आमच्या ग्रंथपालबाई संध्याकाळी थांबून जुन्या साइटवर पोथ्यांच्या नोंदी भरतच होत्या. नवी साइट सुरू करून त्याने जुनं होस्टिंग बंद केलं आणि त्या सगळ्या नोंदी गेल्या. बाईंनी दाखलनोंदवही हाताने लिहून ठेवली होती म्हणून मूळ माहिती वाचली. पण पोथ्यांच्या आरंभाच्या आणि समाप्तीच्या ओळी त्यांनी थेट पोथीवरून साइटवर उतरवल्या होत्या; त्यासाठी ती जीर्ण पानं आता पुन्हा उघडावी लागताहेत. पैशांपेक्षा मला याचा राग जास्त आहे.

जाब विचारल्यावर त्याने डोमेन परत द्यायचा ‘हँडओव्हर चार्ज’ मागितला. डोमेनच्या पहिल्यापासूनच्या पावत्या संस्थेच्या नावावर होत्या. त्या आणि ठरावाची प्रत दाखवल्यावर डोमेन नोंदवणाऱ्या रजिस्ट्रार कंपनीने ते आमच्या खात्यात परत दिलं. तुमच्या संस्थेचं डोमेन कुणाच्या खात्यात आहे आणि नूतनीकरणाचे मेल कुणाला जातात, ते आजच बघून घ्या. कोणतंही काम सुरू होण्याआधी डेटाबेसची आणि फाइलींची प्रत संस्थेच्या स्वतःच्या डिस्कवर हवी, आणि नवी साइट तपासून होईपर्यंत जुनं होस्टिंग बंद करू देऊ नका.

पोलिस ठाण्यात सुरुवातीला ‘हा दिवाणी वाद आहे’ असं सांगून परत पाठवलं. आमच्या वकिलांनी अर्ज नव्याने लिहिला आणि भर लायसन्सच्या पावतीवर दिला. काम बरं झालं की वाईट, यावर वाद घालता येतो. जी फी अस्तित्वातच नाही ती घेतल्याची सही-शिक्क्याची पावती असेल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली फसवणूक म्हणून बोलता येतं, असं त्यांचं म्हणणं. अर्ज आता दाखल करून घेतला आहे, चौकशी चालू आहे, पैसे अजून मिळालेले नाहीत. तुमच्या संस्थेकडे असा ‘लायसन्स’चा कागद असेल तर तो फाडू नका, वकिलांकडे जाताना सगळ्यांत वर तोच ठेवा.