मॅनेजर जाणार म्हणतात? ट्रान्सफरमार्क्टच्या पानावर किती विसंबावं

लहान फुटबॉल क्लबनं सलग दोन सीझन बरे काढले की आवई उठतेच: मॅनेजरला, म्हणजे मुख्य प्रशिक्षकाला, मोठ्या क्लबचं बोलावणं आलंय. मग चाहते सगळ्यात आधी ट्रान्सफरमार्क्ट ही फुटबॉलच्या आकडेवारीची साइट उघडतात. हे योग्यच आहे. साइट फुकट आहे, खातं उघडावं लागत नाही, आणि मॅनेजरची सगळी कुंडली एका पानावर सापडते. मात्र त्या पानावरच्या प्रत्येक आकड्याचं वजन सारखं नाही. कराराची तारीख आणि जुन्या नोंदी यांसाठी ही साइट पाचपैकी साडेचार गुणांची. 'आमचा मॅनेजर जाणार का' याचं उत्तर हवं असेल, तर अडीचच्या वर नाही.

क्लबचं पान उघडून मॅनेजरच्या नावावर टिचकी मारली की नेमणुकीची तारीख, करार कधीपर्यंत आहे, सरासरी कार्यकाळ, संघाची मैदानावरची आवडती रचना आणि एजंट एवढं दिसतं. इतिहासाच्या तक्त्यात प्रत्येक क्लबमधले दिवस, सामने आणि दर सामन्यामागचे गुण असतात.

यातलं पहिलं पाहायचं ते कराराचं. युरोपातले बहुतेक करार ३० जूनला संपतात, त्यामुळे नुसतं वर्ष पाहिलं तरी अंदाज येतो. दोन वर्षांहून जास्त मुदत उरली असेल तर नेणाऱ्या क्लबला नुकसानभरपाई मोजावी लागते आणि ती किती हे ठरवताना आपल्या क्लबचा हात वर असतो. एकच वर्ष उरलं की पारडं फिरतं. करार वाढवा, नाहीतर वर्षभरानं फुकट जाताना बघा, असे दोनच रस्ते मालकांपुढे राहतात. मॅनेजर झाबी अलोन्सोचा जर्मनीतल्या लेव्हरकुसेनशी करार जून २०२६ पर्यंत होता. तो रेआल माद्रिदला गेला २०२५ च्या उन्हाळ्यात, म्हणजे बरोबर एक वर्ष उरलेलं असताना.

पण ही तारीख म्हणजे कुलूप नव्हे. व्हिन्सेंट कोंपानीनं मे २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या बर्नलीशी पाच वर्षांचा करार केला होता. पुढच्याच मे महिन्यात जर्मनीतल्या बायर्न म्युनिकनं त्याला नेलं, चार वर्षं शिल्लक असताना. लांब करारामुळे माणूस थांबत नाही, त्याची किंमत वाढते. शिवाय माहितीचा मोठा भाग सदस्यांनी भरलेला असतो, आणि पुष्कळ क्लब मुदत जाहीर न करता फक्त 'दीर्घकालीन करार' म्हणून मोकळे होतात. म्हणून पानावरची तारीख क्लबच्या अधिकृत घोषणेशी ताडून घ्यावी.

सगळ्यात मोठी उणीव याच ठिकाणी आहे. करारातलं खरं कलम, म्हणजे रिलीज क्लॉज (ठरलेली रक्कम भरली की मॅनेजरला सोडायची अट) आणि नोटिशीची मुदत, पानावर दिसत नाही. मॅनेजर कधी आणि कितीला सुटतो हे नेमकं त्यावर ठरतं. रुबेन अमोरिमचं उदाहरण घ्या. २८ ऑक्टोबर २०२४ ला मँचेस्टर युनायटेडनं एरिक टेन हागला काढलं. दुसऱ्याच दिवशी अमोरिमच्या तेव्हाच्या क्लबनं, स्पोर्टिंगनं, पोर्तुगालच्या शेअर बाजार नियामकाला कळवलं की युनायटेडला अमोरिम हवा आहे आणि १ कोटी युरोंचा क्लॉज भरायची त्यांची तयारी आहे. नोटिशीची मुदत होती ३० दिवसांची, म्हणून वाटाघाटी झाल्या. तोवर अमोरिम स्पोर्टिंगचाच मॅनेजर होता, मँचेस्टर सिटीला ४-१ हरवलं तेव्हाही. युनायटेडचं काम त्यानं ११ नोव्हेंबरला हाती घेतलं. 'क्लॉज भरला, मग अजून येत कसा नाही' असं जे त्या दोन आठवड्यांत विचारलं जात होतं, त्याचं उत्तर नोटिशीच्या मुदतीत होतं. तेव्हा आपला क्लब शेअर बाजारात नोंदलेला असेल, तर नियामकाकडे दिलेली निवेदनं आधी वाचावीत. भाषा कोरडी असते, पण तिथे खोटं लिहिणं क्लबला परवडत नाही. अफवेच्या बातमीला असलं बंधन नसतं.

दर सामन्यामागचे गुण हा आकडा सगळ्यात जास्त वापरला जातो आणि चुकीचा वाचलाही सगळ्यात जास्त जातो. हिशेब सोपा: विजयाला ३, बरोबरीला १, भागिले सामने. ३८ सामन्यांच्या लीगमध्ये १.५ म्हणजे ५७ गुण आणि २.० म्हणजे ७६. गोंधळ होतो तो दोन क्लबांचे आकडे शेजारी ठेवल्यावर. ग्रॅहम पॉटरच्या ब्रायटननं २०२१-२२ मध्ये ५१ गुणांसह नववा क्रमांक मिळवला, म्हणजे सामन्यामागे १.३४. त्या कामाचं सगळीकडे कौतुक झालं आणि सप्टेंबर २०२२ मध्ये चेल्सीनं त्याला नेलं. तिथे सर्व स्पर्धा धरून ३१ सामन्यांत १२ विजय, ८ बरोबरी, ११ पराभव, म्हणजे १.४२. आकडा किंचित वरचा, तरी मोठ्या क्लबच्या अपेक्षेला तो पुरला नाही आणि सात महिने भरायच्या आत नोकरी गेली. म्हणून हा आकडा कधी एकटा वाचू नये. त्याच साइटवर लीगमधल्या संघांची बाजारमूल्यानुसार, म्हणजे खेळाडूंच्या अंदाजे किमतीनुसार, क्रमवारी मिळते. ती गुणतक्त्याशेजारी ठेवावी. मूल्यात पंधरावा असलेला संघ गुणांत आठवा असेल, तर मोठ्या क्लबचं लक्ष गेलेलं असणारच. बाजारमूल्यही अंदाजच आहे, पण क्रमवारी लावण्यापुरता तो चालतो.

सरासरी कार्यकाळ सरळ सोडून द्यावा. चार वर्षं, नऊ महिने आणि सहा महिने अशा तीन नोकऱ्या केलेल्या माणसाची सरासरी पावणेदोन वर्षं येते, आणि पावणेदोन वर्षं तो कुठेच टिकलेला नसतो.

याउलट सहायकांच्या यादीकडे कुणी फिरकत नाही, आणि ती फार उपयोगी आहे. मॅनेजर जातो तेव्हा बहुधा अख्खी टीम जाते. पॉटरबरोबर बिली रीड, ब्योर्न हाम्बर्ग, ब्रुनो आणि गोलकीपर प्रशिक्षक बेन रॉबर्ट्स तर गेलेच, खेळाडू शोधण्याच्या विभागातला काइल मकॉलेही गेला. मागे काय उरणार, हंगामी सूत्रं कोण घेणार, हे त्या यादीवरून कळतं. जुन्या क्लबपासून मॅनेजरसोबत असलेल्यांवर खूण करा. उरलेले क्लबचे.

तरीही मूळ प्रश्नाला या पानाचा अडीचच गुणांचा उपयोग, कारण ते फक्त जाणाऱ्याची बाजू दाखवतं. रिकाम्या खुर्चीची बाजू तिथे नसते. २०२४ चं बायर्न पाहा. तेव्हाचा मॅनेजर टोमास टुखेल उन्हाळ्यात जाणार हे फेब्रुवारीतच जाहीर झालं. सगळ्यांच्या तोंडी अलोन्सोचं नाव. त्या सीझनला त्याच्या लेव्हरकुसेननं बुंडेसलिगा, म्हणजे जर्मनीची मुख्य लीग, एकही सामना न हरता जिंकली, ३४ सामन्यांत ९० गुण. बायर्न आणि लिव्हरपूल, त्याच्या दोन जुन्या क्लबांत जागा रिकाम्या होणार होत्या. २९ मार्चला त्यानं राहणार म्हणून सांगितलं. मग युलियान नागेल्समाननं जर्मनीच्या संघाशी करार वाढवला, राल्फ रांगनिकनं नकार दिला, आणि यादी खाली सरकत सरकत कोंपानीपर्यंत आली. त्याची बर्नली २४ गुणांवर, १९ वी येऊन प्रीमियर लीग या इंग्लंडच्या सर्वोच्च लीगबाहेर गेली होती. सामन्यामागे ०.६३! पानावरचे आकडे पाहून ही नेमणूक कुणी ओळखली नसती. ओळखता आली असती ती नकार मोजत गेलं असतं तरच.

खुर्चीची बाजू कळावी म्हणून पुष्कळ जण सट्टेबाजांचे भाव बघतात. तेही जपून. २.०० भाव (एका रुपयाला दोन परत) म्हणजे ५० टक्के शक्यता, असा सरळ अर्थ लावू नये. पाच नावांचे भाव २, ४, ५, ८ आणि १० असतील, तर टक्के (१०० भागिले भाव) होतात ५०, २५, २०, १२.५ आणि १०, बेरीज ११७.५. वरचे साडेसतरा हा धंद्याचा नफा. तो काढला की पहिल्या नावाचे ५० टक्के सुमारे ४२.६ वर येतात. शिवाय अशा बाजारात उलाढाल थोडी असते, त्यामुळे किरकोळ पैशांनीही भाव हलतो. मग 'भाव घसरला', म्हणजे शक्यता वाढली, हीच बातमी होते, आणि ती वाचून भाव आणखी घसरतो.

ट्रान्सफरमार्क्टवरच्या अफवांच्या विभागाचा खरा फायदा मूळ बातमीपर्यंत पोचता येतं हा. दहा ठिकाणी छापून आलेली गोष्ट पुष्कळदा एकाच वार्ताहराची असते. तो कोणत्या शहरातला, कोणत्या क्लबच्या जवळचा, हे आधी बघावं. नेणाऱ्या क्लबच्या गावातून आलेली बातमी वजनदार. एजंटाकडून आलेली बातमी बहुधा पगारवाढीची बोलणी असते, आणि ती कराराला एक वर्ष उरलेलं असताना हमखास येते.