ड्रायव्हरने घेतलेल्या मेमरीचा ओळवार हिशेब: लिनक्स कर्नेलमधील ‘ॲलॉकइन्फो’

फोंड्यातील एका घाऊक औषधविक्रेत्याच्या बिलिंग सर्व्हरची देखभाल मी करतो. 8 जीबी मेमरीचा हा संगणक दर अडीच-तीन आठवड्यांनी गुदमरत असे आणि तो पुन्हा सुरू केल्यावर सुरळीत चाले. बिलिंगचा प्रोग्रॅमच मेमरी गिळत असावा, असे आम्ही धरून चाललो होतो. गेल्या चवथीला दुकान तीन दिवस बंद होते, एकही बिल फाटले नव्हते, तरीही त्या तीन दिवसांत उपलब्ध मेमरी सुमारे 1 जीबीने कमी झालेली आढळली, तेव्हा दोष प्रोग्रॅमचा नसून कर्नेलच्या, म्हणजे मेमरी आणि उपकरणे सांभाळणाऱ्या लिनक्सच्या गाभ्याच्या, आत कुठेतरी आहे हे स्पष्ट झाले. “अहो, आणखी 8 जीबी रॅम घालून टाका ना,” असे मालक म्हणाले. परंतु रोज तेवढ्याच वेगाने मेमरी जात राहिली, तर ती नवी रॅमही महिनाभर पुरली नसती.

कर्नेलमधील मेमरी कोणी घेतली, हे शोधण्याची जुनी साधने मी क्रमाने वापरून पाहिली. ‘मेमइन्फो’ या फाइलीत स्लॅब (छोट्या वस्तूंसाठीचे कप्पे), व्हीमॅलॉक (मोठ्या मागण्यांसाठीची सोय) इत्यादींच्या बेरजा मिळतात, पण ड्रायव्हरने (उपकरण चालवणाऱ्या कोडने) थेट पानांच्या (4 केबीच्या तुकड्यांच्या) स्वरूपात मागून घेतलेली मेमरी तिथल्या कोणत्याच ओळीत दिसत नाही, ती केवळ एकूण आणि हिशेबात लागलेली यांच्यातील फरक म्हणून उरते. ‘स्लॅबइन्फो’मध्ये एकाच आकाराच्या सामायिक कप्प्यात अनेक ड्रायव्हरांच्या मागण्या एकत्र पडतात, त्यामुळे कप्पा फुगला तरी तो कोणी फुगवला हे कळत नाही. ‘एलएसमॉड’ ही आज्ञा मॉड्यूलपुढे (चालू कर्नेलला जोडता-काढता येणाऱ्या कोडच्या तुकड्यापुढे) जो आकार दाखवते, तो त्याच्या कोडचा आणि स्थिर डेटाचा असतो; चालू असताना त्याने मागितलेल्या मेमरीचा त्यात समावेश नसतो. गळती शोधण्यासाठी नावाजलेले ‘केमेमलीक’ही माझ्या कामाचे नव्हते, कारण थेट मागितलेल्या पानांवर ते लक्ष ठेवत नाही.

14 जुलै 2024 रोजी प्रसिद्ध झालेल्या लिनक्स 6.10 मध्ये मेमरी ॲलोकेशन प्रोफायलिंग ही सोय आली, आणि ‘ॲलॉकइन्फो’ ही फाइल तिचाच दर्शनी भाग आहे. सुरेन बागदासारियन आणि केंट ओव्हरस्ट्रीट यांचे हे काम आहे. त्यामागची कल्पना मला अतिशय आवडली: कर्नेलच्या कोडमध्ये जिथे जिथे मेमरी मागितली जाते, त्या प्रत्येक जागेला संकलनाच्या (कोड कंपाइल करण्याच्या) वेळीच एक खूणचिठ्ठी जोडली जाते, आणि मेमरी दिली की त्या चिठ्ठीवरचा आकडा वाढतो, परत आली की उतरतो. प्रत्येक सीपीयूचे मोजमाप वेगळे ठेवलेले असल्यामुळे मोजणीचा भार कमी राहतो. फाइल रूट (सर्वाधिकार असलेल्या) वापरकर्त्यालाच वाचता येते आणि तिच्या प्रत्येक ओळीत चार गोष्टी असतात: सध्या अडकलेले बाइट, मागण्यांची संख्या, कोडच्या फाइलचे नाव व ओळ क्रमांक, आणि फंक्शनचे नाव, मॉड्यूलचा कोड असेल तर चौकटी कंसात मॉड्यूलचेही नाव येते.

ही सोय चालू ठेवून मी 6.12 कर्नेल बांधले आणि आमच्या नेटवर्क कार्डचे बाहेरून मिळालेले मॉड्यूल त्याच कर्नेलच्या हेडर फाइलींवर पुन्हा तयार केले. सहाव्या दिवशी आकाराच्या उतरत्या क्रमाने फाइल लावली, तेव्हा वरच्या ओळीत त्या मॉड्यूलचे नाव होते आणि मागण्यांची संख्या 5,18,000 च्या वर होती, प्रत्येकी 4,096 बाइटची. हा आकडा पाहताच उलगडा झाला, कारण दिवसाचे सेकंद 86,400 आणि सहा दिवसांचे 5,18,400. ड्रायव्हर दर सेकंदाला कार्डाकडून आकडेवारी मागवताना एक पान घेत होता आणि कार्डाने चुकीचे उत्तर दिले की ते परत न करताच बाहेर पडत होता. दिवसाकाठी सुमारे 337 एमबी. दोन आठवडे जे सापडत नव्हते, ते ओळ क्रमांकासह एका आज्ञेत समोर आले.

या सोयीच्या मर्यादाही आहेत आणि पहिली मर्यादा ड्रायव्हरांच्या बाबतीतच जाचक ठरते. ड्रायव्हरने मेमरी थेट न मागता एखाद्या सामायिक सहायक फंक्शनमार्फत मागितली, तर चिठ्ठी त्या फंक्शनच्या नावावर चढते. नेटवर्कचे बफर बहुधा ‘एसकेबफ’ या सामायिक कोडच्या फाइलीखाली दिसतात, मग ते कोणत्याही कार्डाचे असोत. असे सहायक फंक्शन मॅक्रोच्या (मागणाऱ्याच्या जागीच उलगडणाऱ्या कोडच्या) रूपात बदलून हिशेब मूळ मागणाऱ्याकडे नेता येतो, पण ते काम कोड लिहिणाऱ्याने करायचे असते. माझे मॉड्यूल पाने थेट मागत होते, म्हणून मला सरळ उत्तर मिळाले. शिवाय ही सोय कर्नेल बांधतानाच निवडावी लागते, आणि ती नंतर चालू केल्यास आधी घेतलेली मेमरी मोजली जात नाही. तिचा स्वतःचा खर्च मात्र माफक आहे: प्रत्येक 4 केबीच्या पानामागे 8 बाइट, म्हणजे 8 जीबीवर 16 एमबी, आणि स्लॅबमधील वस्तूंसाठीचे थोडे वेगळे. बिलिंगच्या वेगात आम्हाला काहीही फरक जाणवला नाही.

विंडोजवर हेच काम ‘पूलमॉन’ हे साधन करते. तिथे ड्रायव्हर लिहिणारा स्वतः चार अक्षरांची खूण देतो, त्यामुळे खूण कोणाची हे आधी शोधावे लागते आणि दोन ड्रायव्हरांनी एकच खूण वापरली तर हिशेब पुन्हा मिसळतो. फाइल आणि ओळ सांगणारे लिनक्सचे उत्तर मला अधिक भरवशाचे वाटते.

मेमरी संपून कर्नेल प्रोग्रॅम बंद करू लागले, तर त्या वेळच्या नोंदीतही सर्वांत मोठे दहा मागणीदार छापले जातात. रात्री कोणी जागे नसताना ही नोंद फार उपयोगाची आहे. मॉड्यूल उतरवताना (कर्नेलमधून काढताना) त्याची मेमरी शिल्लक असेल, तर तसा इशाराही नोंदीत येतो. दुरुस्तीपूर्वी मी मॉड्यूल उतरवले, तेव्हा तो इशारा त्याच फाइलीच्या त्याच ओळीचा होता. कार्डाचे उत्तर चुकल्यावरच्या वाटेवर पान परत करणारी एक ओळ घालून, आठवडाभर चालवून ते पुन्हा उतरवले, तेव्हा नोंदीत काहीही आले नाही.