पाळी आपोआप गेली की ऑपरेशनने गेली, हाडांना काय फरक पडतो?

आधी एक घोळ निस्तरू. "माझी पिशवी काढली" असं सांगणाऱ्या बऱ्याच जणींना ओव्हरीज (अंडाशय) काढल्यात की ठेवल्यात हेच माहीत नसतं, आणि हाडांचा सगळा हिशोब तिथेच अडकलाय. नुसती पिशवी काढली तर पाळी बंद होते पण ओव्हरीज इस्ट्रोजेन (हाडं टिकवणारं हार्मोन) बनवत राहतात, म्हणजे तो मेनोपॉज (ओव्हरीजचं काम थांबून पाळी जाणं) नव्हेच. डिस्चार्ज पेपर काढून बघा.

आपोआप पाळी जाते तेव्हा इस्ट्रोजेन काही वर्षं वरखाली होत उतरतं. शेवटच्या पाळीच्या आधीच्या वर्षापासून पुढची दोनेक वर्षं हाडं सगळ्यात जोरात झिजतात, मणक्यात वर्षाला साधारण २ टक्के, मग वेग कमी होतो. मणकाच आधी का, तर तो आतून स्पंजसारखा जाळीदार असतो आणि जाळी लवकर विरते.

दोन्ही ओव्हरीज काढल्या की मात्र इस्ट्रोजेन एक-दोन दिवसांतच धाडकन खाली, शरीराला सवय करायला वेळच नाही, शिवाय ओव्हरीतून मिळणारं थोडंफार टेस्टोस्टेरॉनपण जातं. त्यात वय ३८-४० असेल तर हाडांची दहाएक वर्षं फुकट गेली समजा, माझ्या मते खरी काळजी ह्याचीच. म्हणून ४५ च्या आत असं झालं आणि ब्रेस्ट कॅन्सरसारखी अडचण नसेल, तर नैसर्गिक मेनोपॉजच्या वयापर्यंत हार्मोन घ्यायचा सल्ला सहसा देतात.

डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजणारी तपासणी) दोघींचा सारखाच, टी-स्कोर (तरुण निरोगी हाडांशी तुलना करणारा आकडा) -२.५ किंवा खाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडं ठिसूळ झालेली. फक्त ऑपरेशनवालीने तो पासष्टीपर्यंत लांबवू नये.