बेल्ट की चेन: कोण किती टिकतं, कधी बदलायचं?

हार्ले-डेव्हिडसनने 1980च्या स्टर्जिस या मोटरसायकलमध्ये मागचं चाक फिरवणारी चेन काढून बेल्ट बसवला, तेव्हा रबरी पट्टा किती टिकणार, अशी शंका येणं साहजिक होतं. आज मात्र नीट ताण ठेवलेला बेल्ट लाख किलोमीटरही काढतो. चेन आणि स्प्रॉकेट (चेन ज्यावर फिरते ती दातेरी चाकं) यांचा सेट साधारण वीस-तीस हजार किलोमीटरांत झिजतो, तोही दर पाचशे-हजार किलोमीटरला ल्युब मारत राहिलात तर. बेल्टला तेल लावायचंच नाही. फक्त ताण तपासायचा आणि धूळ पुसायची.

चेन कधी बदलायची हे कळणं सोपं: मागच्या स्प्रॉकेटवरून ती ओढल्यावर सुटून येते, दात हुकासारखे वाकतात, सारखी ताणूनही ढिली पडते. बेल्टचं किलोमीटर मोजण्यापेक्षा तो डोळ्यांनी बघावा. दातांच्या मुळाशी केसासारख्या बारीक चिरा दिसल्या तर लगेच घाबरू नका, लक्ष ठेवा. पण दात तुटला, आतले धागे उघडे पडले किंवा कडेला खडीने भोक पाडलं, तर थांबू नका. पुलीत (बेल्ट ज्यावर फिरतो त्या चाकात) अडकलेला एक खडा नवाकोरा बेल्टही संपवतो. म्हणून कच्च्या रस्त्यावर रोज जाणाऱ्याला मी चेनच सुचवेन.

शिवाय चेन लिंक जोडून रस्त्याकडेच्या गॅरेजातही बसते. बेल्ट अखंड असतो, त्यामुळे बऱ्याच गाड्यांत स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) सोडवावा लागतो आणि मजुरी चांगलीच बसते. हायवेवर लांब पल्ल्याला जाणार असाल, तर बेल्टच घ्या.