शेफिल्ड एफसी : जगातील सर्वांत जुन्या फुटबॉल क्लबच्या मैदानावर
इंग्लंडला जाणाऱ्या फुटबॉलप्रेमींनी मोठ्या स्टेडियमच्या सहलींतून एक दुपार वाचवून शेफिल्डलगतच्या ड्रॉनफिल्ड या गावी अवश्य जावे. २४ ऑक्टोबर १८५७ रोजी नॅथॅनिएल क्रेसविक आणि विल्यम प्रेस्ट यांनी स्थापन केलेला, आजही अर्धव्यावसायिक पातळीवर खेळणारा शेफिल्ड एफसी २००१ पासून येथील ‘कोच अँड हॉर्सेस’ या पबला लागून असलेल्या मैदानावर खेळतो. प्रेक्षक कठड्याला टेकून उभे राहतात आणि खेळाडूंनी एकमेकांना दिलेल्या हाका स्पष्ट ऐकू येतात. इतक्या जवळून सामना पाहण्याचे सुख मला मोठ्या स्टेडियममध्ये कधीच लाभले नाही.

या क्लबने आपले नियम स्वतः लिहिले, तेव्हा इंग्लंडची फुटबॉल संघटनाही (एफए) जन्मली नव्हती. त्या नियमांचे मूळ हस्तलिखित २०११ मध्ये लिलावात सुमारे ८ लाख ८१ हजार पौंडांना विकले गेले, याची हळहळ वाटते; मात्र छोट्या क्लबला पैशाची निकड किती असते, हेही समजून घ्यायला हवे. हौशी संघांसाठीचा १९०४ चा एफए अमॅच्युअर कप हे त्यांचे मोठे यश, तर २००४ मध्ये मिळालेला फिफाचा ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ हा सन्मान त्यांच्याखेरीज केवळ रेआल माद्रिद या क्लबला लाभला आहे. शक्य असल्यास शेजारच्या हॅलम एफसीविरुद्धचा सामना निवडावा, कारण ही लढत १८६० पासून चालत आली आहे.