कॅनवरचा जीपीएस आणि फ्लाइट कंट्रोलर: सहा महिन्यांनंतर

कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी सीएनसी मशीन चालवतो आणि रविवारी भाच्याबरोबर विमान उडवतो. फोमचं, 1.8 मीटर पंखांचं, घरीच कापलेलं. दिवाळीत त्यात पिक्सहॉक जातीचा फ्लाइट कंट्रोलर, म्हणजे विमान सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर बोर्ड बसवला, सोबत कॅन वायरवर (दोन तारांची, सगळ्या सेन्सरना सामायिक) चालणारा जीपीएस आणि हवेतला वेग मोजणारा एअरस्पीड सेन्सर. बोर्डातलं सॉफ्टवेअर आर्डूपायलट.

विकणारा म्हणाला होता, नुसतं जोडा, बाकी ते आपलं आपण ओळखतंय. जोडलं. ढिम्म! सेटिंगमध्ये कॅन पोर्टचा ड्रायव्हर 1 केला, बोर्ड बंद-चालू केला, तेव्हा कुठं दोन्ही सेन्सर यादीत आले. वायरीवरचे ओळख नंबर मात्र त्यांना न सांगता मिळाले. तरी उपग्रह शून्यच. जीपीएसचा प्रकार 9, म्हणजे कॅनवरचा, हेही आपणच भरायचं. पाहुणा दारात ओळखला, पण ‘आत या’ म्हणायचं काम घरमालकाचं.

जीपीएसच्या डबीतच असलेल्या कंपासनं मात्र गप्प केलं. केबल आखूड पडली म्हणून जीपीएस डावीकडं काटकोनात वळवून चिकटवला होता. भाचा म्हणाला, “मामा, आता उत्तर दिशा पन्हाळ्याकडं दाखवणार बघा.” कॅलिब्रेशनला, म्हणजे कंपास जुळवून घ्यायला, विमान हातात घेऊन सगळ्या बाजूंनी फिरवलं, तर वळवलेलं त्यानं स्वतःच ओळखलं.

तिसऱ्या रविवारी जोतिबाच्या रस्त्याला, ऊस तुटलेल्या रानात, जीपीएस मधेच गायब व्हायला लागला. विमान अजून जमिनीवर होतं हे नशीब. शेजारचा ऊस उभा होता, आणि उसात पडलेलं विमान काढायचं म्हणजे हात सोलून घ्यायचे. घरी येऊन बॅटरी काढली, कॅनच्या दोन तारांवर मीटर लावला: 120 ओहम. यायला हवेत 60, कारण वायरीच्या दोन्ही टोकांना 120 चा एकेक रेझिस्टर (टर्मिनेटर) लागतो. जीपीएसकडचा मीच लावला नव्हता. दोन रुपयांची वस्तू! हे कुठलाही बोर्ड आपणहून दुरुस्त करत नाही.

पुढं एका लँडिंगला जीपीएस फुटला. नवा दहा मिनिटांत रानातच बसला, पण कंपास पुन्हा कॅलिब्रेट करेपर्यंत बोर्डानं मोटर सुरू होऊ दिली नाही. भाचा वैतागला. मला पटलं. बोइंग 777 मध्ये 1995 पासून अनेक यंत्रणांची कामं सामायिक कॉम्प्युटर कॅबिनेटमध्ये चालतात, पण कुठल्या प्रोग्रॅमला किती वेळ आणि किती मेमरी हे आधीच बांधून, तपासून दिलेलं असतं. हवेत गेल्यावर मनानं जुळवाजुळव नाही. आमच्या फोमच्या विमानानं तेवढी शिस्त पाळली तर बिघडलं कुठं?

पहिल्यांदाच उडवणाऱ्यानं यात पडू नये, रिमोटचा साधा रिसीव्हर पुरे. सेन्सर वरचेवर बदलणाऱ्यानं हा कॅनवाला संच जरूर घ्यावा. घेताना टर्मिनेटर आत आहे की वेगळा लावायचा, एवढं दुकानात विचारा. आणि उजळाईवाडी विमानतळाच्या आसपास राहत असाल तर आधी सरकारी नकाशावर कुठं उडवायला मोकळीक आहे तो झोन बघा.