‘इनडोअर बोन्साय’ म्हणून जुनिपर गळ्यात मारतात, सावध राहा

डिसेंबर लागला की शिकागो, टोरांटोकडच्या मॉलमध्ये तात्पुरते गाळे लागतात. उथळ ट्रेमध्ये हिरवंगार जुनिपर (थंड हवेतलं सूचीपर्णी झुडूप), वर चकचकीत खडे आणि विक्रेत्याचं छातीठोक आश्वासन: ‘घरातच ठेवा, आठवड्यातून एकदा पाणी घाला.’ ही सरळसरळ फसवणूक आहे. बहुतेक वेळा ते ‘जुनिपेरस प्रोकम्बेन्स नाना’ असतं आणि त्याला हिवाळाभर थंडीतली विश्रांती लागतेच. हीटरच्या उबेत ते हळूहळू मरतं, पण मेल्यावरही कित्येक आठवडे हिरवं दिसतं. खरा रंग कळेपर्यंत गाळा उठलेला असतो आणि घेणारा स्वतःलाच दोष देत बसतो.

विकत घेण्याआधी झाडाचं नाव विचारा. फायकस (वड-पिंपळाच्या जातीतलं झाड) असेल तर ते खरोखरच घरातलं. १० अंश सेल्सियसखालची थंडी त्याला बाधते. नुसतं ‘बोन्साय’ एवढंच उत्तर मिळालं तर परत फिरा. खडे बोटाने हलवून बघा. डिंकाने चिकटवलेले असतील तर पाणी वरूनच वाहून जातं, मुळं कोरडी राहतात. ट्रेला खाली भोक आहे ना, तेही बघा. बारीक फांदीची साल नखाने किंचित खरवडा: आत ओलसर हिरवं हवं.

झाड घरी आलंच असेल तर खडे काढा, पण ते लगेच अंगणात ठेवू नका. उबेत राहिलेलं झाड उणे १५ अंशांत एका रात्रीत जातं. हीटर नसलेल्या गॅरेजमध्ये, ० ते ५ अंशांत ठेवा. माती सुकू लागली की पाणी द्या. रिपॉटिंग (कुंडी-माती बदलणं) वसंतातच.

पुढच्या वर्षी मात्र ते उन्हाळ्यापासून बाहेरच राहू द्या, म्हणजे थंडीला आपोआप सरावतं. जमीन गोठण्याआधी ट्रे कडेपर्यंत मातीत पुरा आणि वर १० ते १५ सेंमी सालीचा चुरा पसरा. फांद्यांपेक्षा मुळं नाजूक असतात आणि उघड्या ट्रेत त्यांना चारही बाजूंनी थंडी लागते. जागा घराच्या उत्तरेला किंवा पूर्वेला, वाऱ्याच्या आडोशाची हवी. दक्षिणेच्या भिंतीशी दुपारी माती वितळते, रात्री पुन्हा गोठते. ऊन-वारा पाल्यातलं पाणी ओढून घेतात आणि गोठलेल्या मुळांना ते भरून काढता येत नाही. बरीच झाडं अशी सुकूनच जातात. ट्रेवरचा बर्फ राहू द्या, फांद्या वाकल्या तर तेवढाच झटका. चुऱ्याखाली उंदीर साल कुरतडतात, म्हणून खोडाभोवती बारीक तारेची जाळी लावा.